इंजिन बदलल्यावर गाडी पुन्हा पुन्हा मिस मारते, प्लग काळे पडतात: कुठून शोधायला सुरुवात करावी

जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीत एस्टीमचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवायचं काम आपल्याकडे कोकणात गेली बरीच वर्षं चालू आहे. ९७० सीसीचं मूळ इंजिन आंब्याच्या पेट्या भरून चढणीला लावलं की दमतं. १२९८ सीसीचं, सोळा वाल्वचं जी१३बीबी त्या मानाने खूप जोरदार. पुढच्या जिप्सी किंगमध्ये मारुतीने स्वतः हेच इंजिन दिलं होतं, त्यामुळे माउंटिंगपासून मॅनिफोल्डपर्यंतचं सामान शोधलं तर मिळतं. इंजिन बहुतेक वेळा कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून किंवा कोल्हापूरकडून येतं. आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवायचा असतो. त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते आणि ती काम सुरू करण्याआधी घ्यायची. हे एकदाच सांगतो आणि मूळ विषयाकडे वळतो.

इंजिन बसतं, सेल्फ मारला की सुरू होतं, अंगणात छान रेस घेतं. आठ-पंधरा दिवसांनी गाडी परत येते. सकाळी थंड असताना मिस मारते (एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही), किंवा गरम झाल्यावरच मारते. स्लोवर (रेस न देता) थरथरते. घाटात गचके देते. अ‍ॅव्हरेज पडलंय, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी आहे. मालक सांगतो, ‘ओढणा नाय.’ मग प्लग बदलतात, कॉइल बदलतात, इंजेक्टर साफ करून आणतात, शेवटी कुणीतरी ईसीएमवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकावर, बोट ठेवतं. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जातात आणि दुखणं पुन्हा उभं राहतं.

अशा गाड्या पाहून माझं मत पक्कं झालंय. इंजिन बदलल्यानंतर जो मिसिंगचा दोष सारखा परत येतो, तो शोधायची पहिली जागा म्हणजे नवं इंजिन आणि जुनी गाडी यांचे सांधे. बॅटरीची निगेटिव्ह वायर, इग्निशनचा करंट, पेट्रोलची लाइन, व्हॅक्युमचे पाइप, रेडिएटर, सायलेन्सर, स्पीडोमीटरची केबल. ज्या गाडीत ते इंजिन आधी होतं तिथे या सगळ्या जोडण्या कारखान्यात ठरवून केलेल्या होत्या. तुमच्या गाडीत त्या मिस्त्रीने हाताला येईल तशा केल्या. सुटे भाग बदलण्यावर पैसे घालण्याआधी हे सांधे एकेक करून तपासा.

काळा प्लग दिसला म्हणून पेट्रोल कमी करू नका

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सायलेन्सरच्या पाइपात बसलेला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो फक्त उरलेला ऑक्सिजन बघतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर त्याचा व्होल्टेज ०.९ च्या आसपास जातो, लीन (हवा जास्त) असेल तर ०.१ कडे उतरतो. चांगल्या, गरम इंजिनात तो या दोन टोकांमध्ये सारखा हेलकावत राहतो. आता समजा, तीन नंबरचा प्लग ठिणगी देत नाही. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळलं नाही, म्हणजे हवाही जळली नाही. ती न वापरलेली हवा तशीच सायलेन्सरमध्ये जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो ईसीएमला कळवतो की मिश्रण लीन आहे. ईसीएम चारही सिलिंडरचं पेट्रोल वाढवतो. मग चांगले चालणारे तीन सिलिंडर रिच होतात, त्यांचे प्लग काळे पडतात, धूर येतो, पेट्रोलचा वास येतो. बघणाऱ्याला वाटतं, इंजेक्टर जास्त मारतायत. मूळ दोष मात्र एका सिलिंडरच्या ठिणगीत होता.

म्हणून पहिला प्रश्न असा सोडवा: मिसिंगमुळे मिश्रण बिघडलंय की मिश्रणामुळे मिसिंग होतंय? इंजिन चांगलं गरम करा, बंद करा, ऑक्सिजन सेन्सरचा सॉकेट काढा, बॅटरीची वायर काही मिनिटं काढून ईसीएमची साठलेली दुरुस्ती पुसा आणि पुन्हा चालवा. सेन्सरशिवाय ईसीएम ठरलेल्या आकड्यांवर पेट्रोल देतो. काळा धूर आणि वास लगेच कमी झाला आणि मिसिंग तसंच राहिलं, तर सेन्सर फसवला जात होता. दोष ठिणगीत, एखाद्या सिलिंडरमध्ये किंवा सायलेन्सरच्या गळतीत शोधा. सेन्सर काढूनही इंजिन तेवढंच रिच चालत असेल, तर पेट्रोलचं प्रेशर, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांतला, दाब मोजणारा) किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर यांच्याकडे जा. या चाचणीला पैसा लागत नाही आणि निम्मी शोधाशोध वाचते.

स्कॅनर लागत असेल तर फ्युएल ट्रिमचा आकडा, म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते, बघा. शून्याच्या जवळपास, दहाच्या आत असेल तर चिंता नाही. पंधरा-वीसच्या पुढे अधिक असेल तर ईसीएम पेट्रोल वाढवतोय, तेवढाच उणे असेल तर कमी करतोय. हा आकडा स्लोवर, मग अडीच हजार आरपीएमवर आणि मग चढणीला, असा तिन्ही वेळा लिहून ठेवा. स्लोवर खूप अधिक आणि रेस दिल्यावर कमी झाला तर कुठेतरी बाहेरची हवा शिरतेय. स्लोवर ठीक आणि चढणीला वाढत गेला तर पेट्रोल पुरत नाही.

जुन्या मारुतींत स्कॅनर लागत नसेल तर डायग्नोसिसच्या सॉकेटमधल्या ठरलेल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की चेक इंजिनचा दिवा उघडझाप करून कोड सांगतो. कुठल्या पिना ते मॅन्युअल बघूनच ठरवा, अंदाजाने वायर खुपसू नका. आणि १२ नंबरचा कोड आला म्हणजे ईसीएमने काही दोष नोंदवलेला नाही, एवढंच समजा. सैल अर्थिंग आणि बंद पडत आलेला पंप यांना ईसीएमकडे कोडच नसतो.

कुठला सिलिंडर?

एकेका इंजेक्टरचा सॉकेट काढून बघा. ज्याचा काढल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला आहे. प्लगची कॅप ओढून ही चाचणी करायची जुनी सवय सोडा. कॉइलवर ताण येतो, झटका बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो.

डिस्ट्रिब्यूटर नसलेल्या आणि दोन कॉइलवर चार प्लग चालवणाऱ्या इंजिनात एक कॉइल एक आणि चार नंबरला, दुसरी दोन आणि तीनला ठिणगी देते. एक आणि चार दोन्ही मिस मारत असतील तर कॉइल किंवा तिची वायरिंग. एकच मारत असेल तर कॉइल बाजूला ठेवा आणि त्याचा प्लग, लीड (प्लगची वायर), इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा. दोन शेजारचे, म्हणजे एक-दोन किंवा तीन-चार कमजोर असतील तर हेड गॅसकेटची शंका घ्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. वायरिंग नव्याने ओढली असेल तर कुठला इंजेक्टर कुठल्या सॉकेटला गेलाय हे एकदा पडताळा.

सोळा वाल्वच्या हेडमध्ये प्लग खोल विहिरीत बसतात. वरचं कव्हर गळत असेल तर विहिरीत ऑइल साठतं, गाडी प्रेशरने धुतली तर पाणी साठतं. पावसाळ्यात ‘गाडी धुतल्यापासून मिस मारते’ अशी तक्रार आली की मी आधी तिथेच टॉर्च मारून बघतो. लीडवर खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो आणि दमट हवेत तो करंट वाहून नेतो. काळोख्या रात्री बॉनेट उघडून इंजिन स्लोवर ठेवा. लीडवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर लीड बदला, पुसून भागत नाही.

अर्थिंग: किनाऱ्यावर निम्मे दोष इथेच

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे लोखंडाला लोखंड लागत नाही. ब्लॉकपासून चॅसीला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जाड पट्टी लागतेच. इंजिन बदलताना जुनी पट्टी आखूड पडते, मग ती सोडून देतात किंवा रंग न खरवडता कुठल्या तरी बोल्टखाली आवळतात. करंट मग मिळेल त्या वाटेने जातो. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल, किंवा केबल पुन्हा पुन्हा जड होऊन अडकत असेल, तर करंट त्या केबलमधून जातोय. केबल बदलून उपयोग नाही.

मल्टिमीटरने मोजा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, अगदी शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक ब्लॉकच्या साफ केलेल्या जागेवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग कमजोर. मग इंजिन चालू करून हेडलाइट, फॅन सगळं लावा आणि सेन्सरच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. तिथे ०.०५ व्होल्टच्या आत हवं. सेन्सर दीड-दोन व्होल्टच्या भाषेत बोलतात. अर्थमध्येच पाव व्होल्ट चढला तर मॅप सेन्सरचा निरोप चुकीचा पोचतो आणि ईसीएम त्या चुकीच्या निरोपावर पेट्रोल सोडतो. हेडलाइट लावल्यावर स्लो बिघडत असेल तर याच चाचणीत दोष सापडतो.

आपल्या हवेत वायर बाहेरून चांगली दिसते आणि आतून हिरवी पडलेली असते. वेंगुर्ला, मालवण, देवगडच्या गाड्यांत वायरीच्या टोकाच्या लगपासून वीतभर आत तांबं गंजलेलं मी पाहिलंय. वाकवून बघा, कडक आणि कुरकुरीत लागली तर ती वायर कापून नवी घाला. एमपीएफआयच्या वायरिंगमध्ये पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेला सांधा चालत नाही. क्रिम्प करा, वरून गरम करून आवळणारी नळी चढवा, सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, बोल्टवर पेट्रोलियम जेली फासा. बंदरात होड्यांची वायरिंग करणारे मिस्त्री सांधा असा बंद केल्याशिवाय सोडत नाहीत, आणि गाड्यांच्या गॅरेजांनी त्यांच्याकडून हे उचलायला हवं.

पॉझिटिव्ह बाजूही तितकीच महत्त्वाची. जुन्या जिप्सीच्या इग्निशन स्विचची बारीक वायर कार्ब्युरेटरच्या इंजिनाला पुरत होती. तिच्यावर ईसीएम, कॉइल, इंजेक्टर आणि पंप एवढं सगळं टाकलं की व्होल्टेज पडतो. स्विचचा करंट फक्त रिलेला द्या आणि मुख्य पुरवठा बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायरने आणा. स्विचची वायर निवडताना ती सेल्फ मारतानाही चालू राहते ना, हे बघा. काही वायरींचा करंट त्याच क्षणी तुटतो, आणि मग गाडी किल्ली सोडल्यावरच फटकन सुरू होते.

पेट्रोल: अंगणात चालते, घाटात मरते

कार्ब्युरेटरच्या इंजिनाचा यांत्रिक पंप दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास प्रेशर देतो. एमपीएफआयला अडीच ते तीन किलो लागतं. म्हणजे पंप, पाइप, क्लिप, फिल्टर यांतलं जुनं काहीही चालणार नाही. जुन्या रबरी पाइपावर गोल क्लिप आवळून तीन किलोचं प्रेशर सोडणं म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी आहे. इंजेक्शनचा म्हणून मिळणारा पाइपच वापरा. कुठलाही जोड उघडण्याआधी पंपाचा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मग पाना लावा. जवळ अग्निशामक सिलिंडर ठेवा.

आता घाटाचं बघू. एक तक्रार इतक्या वेळा येते की ऐकतानाच निदान होतं: कणकवलीपर्यंत गाडी झकास, फोंडा घाटात अर्ध्यावर गेली की गचके, वर दाजीपूरच्या सपाटीवर पुन्हा चांगली. टाकी भरलेली असली की त्रास नाही, अर्ध्याखाली आली की आहे. यात प्लग किंवा कॉइल यांचा संबंध नाही. जुन्या टाकीत कार्ब्युरेटरसाठी नुसती नळी सोडलेली असते. चढणीला आणि वळणाला पेट्रोल टाकीच्या एका कडेला जातं आणि नळीचं तोंड क्षणभर उघडं पडतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असायचं, त्यावर तो क्षण निभायचा. एमपीएफआयला असा साठा नाही. पंपाने हवा ओढली की इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधलं प्रेशर पडतं, मिश्रण एकदम लीन होतं आणि इंजिन गचका देतं.

यावर खरा उपाय एकच मानतो: एमपीएफआय जिप्सीची टाकी, आत पंप आणि पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी असलेली. ती मिळत नसेल तर इंजिनाच्या बाजूला छोटी सर्ज टाकी बसवून घ्या, कमी प्रेशरचा एक विजेचा पंप तिला भरत राहील आणि प्रेशरचा पंप तिच्यातून ओढेल. टाकीच्या बाहेर, वरच्या अंगाला एक पंप टांगून काम भागवायची पद्धत आहे, ती मला अजिबात पसंत नाही. हे पंप ढकलायला चांगले, ओढायला कमजोर असतात. मे महिन्यात तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ झाली की ते नुसते घरघरतात.

प्रेशर मोजताना गेज लावून गाडी चालवा. उभ्या गाडीवर तीन किलो दिसणं पुरेसं नाही. गेज काचेवर टेपने चिकटवा आणि चढणीला दुसऱ्या गिअरवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. प्रेशर तिथे पडलं तर पंपाच्या सॉकेटवर चालत्या गाडीत व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून कमी असेल तर वायर बारीक आहे किंवा सांधा गंजलाय. व्होल्टेज ठीक असेल तर जाळी आणि फिल्टर. समुद्राजवळच्या गाडीची जुनी टाकी आतून गंजलेली असते. गंजाचा भुगा पंपाच्या जाळीवर चिकटतो आणि गाडी थोडी उभी राहिली की खाली सांडतो, म्हणून ‘दहा मिनिटं थांबलो की पुन्हा नीट चालते’ असा अनुभव येतो.

उलटा प्रकारही होतो. प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमधून परत जाणाऱ्या पेट्रोलला जुन्या गाडीची बारीक, कचरा साठलेली रिटर्न लाइन दिली तर प्रेशर साडेतीन-चारवर चढतं आणि इंजिन सगळीकडे रिच चालतं. रिटर्नचा पाइप काढून सुरक्षित कॅनमध्ये सोडा. प्रेशर खाली आलं तर दोष त्या लाइनचा.

पेट्रोलमध्ये पाणीही येतं. आता पंपावर मिळतं त्या ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण मर्यादेपर्यंतच. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसतं, आणि पंप तेच आधी ओढतो. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून उभ्या केलेल्या गाडीत हे हमखास तपासा. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवायची.

ई२० चा आणखी एक परिणाम स्कॅनरवर दिसतो. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. २००० सालच्या आसपासचा ईसीएम हे जाणत नाही. तो ऑक्सिजन सेन्सर बघून आठ-नऊ टक्के वाढवून घेतो. त्यामुळे या गाड्यांवर ट्रिम अधिक आठ-नऊ दिसला म्हणून हवेची गळती शोधत बसू नका.

हवा: मॅप सेन्सर आणि समुद्रसपाटी

हे इंजिन आत येणारी हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सरने बघून अंदाज करतं. या प्रकारात व्हॅक्युमची गळती कार्ब्युरेटरसारखी वागत नाही, आणि जुन्या हातांचा इथे गोंधळ होतो. मॅनिफोल्डला मोठी गळती असली तर दाब वाढतो, सेन्सर तो पकडतो, ईसीएम पेट्रोलही वाढवतो आणि स्लो चढतो. मिश्रण मात्र फारसं बिघडत नाही. एकाच सिलिंडरच्या पोर्टजवळ, गॅसकेट किंवा इंजेक्टरच्या रिंगपाशी गळती असेल तर तो एक सिलिंडर लीन होऊन स्लोवर मिस मारतो. आणि मॅप सेन्सरचाच पाइप फुटला, सैल झाला किंवा ब्रेक बूस्टरच्या पाइपात टी घालून जोडला तर सेन्सरला दाब जास्त दिसतो आणि इंजिन भयंकर रिच होतं. सेन्सरला मॅनिफोल्डपासून स्वतंत्र, आखूड पाइप द्या. त्यात दुसरं काही जोडू नका. गळती शोधताना गरम मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर फवारू नका, साबणाचं पाणी वापरा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मॅप सेन्सर तपासायची सोय आयतीच आहे. किल्ली चालू, इंजिन बंद अशा स्थितीत सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मालवणच्या बंदरावर तो १०० ते १०१ किलोपास्कल यायला हवा, भर पावसात थोडा कमी. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. तिथे तोच सेन्सर ९३ च्या आसपास दाखवेल. मालवणात ९४ आणि आंबोलीत ८७ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थ वायर खोटं बोलतेय. इंजिन गरम, स्लोवर असताना हा आकडा ३० ते ४० मध्ये हवा. पन्नासच्या जवळ अडकला असेल तर आधी टायमिंग बेल्टची खूण बघा. बेल्ट एक दात सरकलेला असला तरी इंजिन चालतं, पण व्हॅक्युम पडतो, सेन्सरला लोड वाटतो आणि पेट्रोल वाढतं. जुनं इंजिन आणलं की बसवण्याआधीच बेल्ट नवा घालावा, गाडीत बसल्यावर तिथे हात घालणं अवघड जातं.

थर्मोस्टॅट काढून टाकलाय का?

कोकणच्या उकाड्यात ‘गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारा वाल्व) काढून टाकायची रीत आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत ती खपून गेली. एमपीएफआयमध्ये ईसीएम पाण्याच्या तापमानावरून पेट्रोल ठरवतो. थर्मोस्टॅट नसेल तर मोकळ्या रस्त्यावर पाणी साठ-पासष्ट अंशांवर रेंगाळतं, ईसीएमला इंजिन अजून थंड वाटतं आणि चोक ओढून ठेवल्यासारखं पेट्रोल जात राहतं. प्लग काळे, अ‍ॅव्हरेज कमी, ऑइलला पेट्रोलचा वास. मूळ अंशांचा थर्मोस्टॅट परत घाला. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा आणि फॅन बघा.

इंजिनावर तापमानाचे दोन सेन्सर असतात: काट्यासाठी एका वायरीचा, ईसीएमसाठी दोन वायरींचा. जुन्या गाडीचा काटा चालवण्याच्या नादात कुणी ईसीएमच्या वायरीतून फाटा काढला असेल तर दोन्ही चुकतात. ईसीएमच्या सेन्सरचा रेझिस्टन्स थंड इंजिनावर दोन-अडीच हजार ओहम आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास येतो. मधे कुठे अचानक उडी मारत असेल तर बदला.

सायलेन्सरच्या सांध्याबद्दल थोडक्यात. एस्टीमचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि जिप्सीचा पाइप जोडताना वेल्डिंग होतं. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी तिथे बारीक भोक राहिलं तर दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर लीन सांगतो आणि ईसीएम पेट्रोल वाढवतो. थंड इंजिन सुरू करून सांध्याजवळ काजळीची रेघ आणि फुसफुस शोधा. सेन्सर मूळ जागेपासून फार मागे नेला असेल तर तो नीट तापत नाही, पुढे आणा.

चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून न्यूट्रल केल्यावर इंजिन बंद पडत असेल तर वेगाचा सेन्सर बघा. जिप्सीच्या गिअरबॉक्सला केबल असते, एस्टीमच्या ईसीएमला विजेचा संकेत हवा असतो. तो न मिळाल्याने गाडी उभी आहे असं समजून ईसीएम स्लो सांभाळतो.

हे सगळं ठीक असेल तर मग इंजिन

जुनं इंजिन सीएनजी किंवा एलपीजीवर धावलेल्या टॅक्सीचं असू शकतं. कोरड्या गॅसवर वाल्वच्या बैठका झिजतात, वाल्व वर सरकतो आणि टॅपेटची (वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली) फट संपते. थंड असताना इंजिन गोड चालतं, गरम झाल्यावर वाल्व नीट मिटत नाही आणि स्लोवर मिस मारतो, रेस दिली की जातो. टॅपेट आवाज करत नाहीत म्हणून मालक खूश असतो, पण अशा इंजिनात शांत टॅपेटच घातक. जी१३बीबीचे टॅपेट स्क्रूने सेट होतात. फीलर गेजने मॅन्युअलमधल्या मापाला आणा. कॉम्प्रेशन इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. चार सिलिंडरमधला फरक एक किलोच्या वर असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर वाल्व.

इंजेक्टर आणि ईसीएम एकाच इंजिनाचे आहेत का, हेही विक्रेत्याला खोदून विचारा. वेगळ्या मापाचे इंजेक्टर सॉकेटला बसतात, चालतातही, आणि ट्रिम कायम एका बाजूला ओढून ठेवतात.

दुरुस्ती झाल्यावर ईसीएमची जुनी नोंद पुसायला विसरू नका, नाहीतर तो चार दिवस जुन्याच हिशेबाने पेट्रोल देईल. त्यानंतर नवे प्लग घालून शंभरेक किलोमीटर चालवा, त्यात पाव टाकीवर एक घाट चढा, रात्री हेडलाइट लावून स्लो बघा आणि पहाटे थंड इंजिन सुरू करा. मॅप, ट्रिम, पाण्याचं तापमान, पेट्रोलचं प्रेशर आणि अर्थचा व्होल्टेज हे पाच आकडे तारखेसकट लिहून गाडीतल्या कप्प्यात ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर तेच पुन्हा मोजा. अर्थचा आकडा बहुधा सगळ्यात आधी हललेला दिसेल.